जटा, जट आणि डोक्यावरून आंघोळ

आमच्या टीममध्ये मागे एक पोरगा आला. कोड चांगला लिहितो, बोलतो कमी, आणि डोक्यावर खांद्यापर्यंत ड्रेडलॉक्स. पहिल्या आठवड्यात जितक्या लोकांनी त्याला कामाबद्दल विचारलं, त्याच्या दुप्पट लोकांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, हे धुतोस कसे?" काहींनी तर सरळ "धुतोस का?" असंच विचारलं. तो बिचारा प्रत्येकाला हसून सांगायचा, की हो, दर रविवारी धुतो, आणि पूर्ण वाळेपर्यंत सोमवार उजाडतो. हे मी घरी सांगितलं तर आई पटकन म्हणाली, "अगं बाई, जट आलीय की काय त्याला? देवीचं काही आहे का त्यांच्याकडे?"

म्हणजे बघा, ऑफिसला स्वच्छतेची काळजी आणि आईला देवीची. गुंतलेल्या केसांकडे बघण्याच्या या दोन्ही तऱ्हा बऱ्याच जुन्या आहेत, आणि दोन्हींनी माणसांचं भलंबुरं पुष्कळ केलंय. दोन-तीन वीकेंड यावर वाचण्यात गेले, त्यातलं जे मनात राहिलं ते इथे मांडतोय.

सुरुवात आपल्या घरातूनच करू. वाल्मीकी रामायणात अयोध्याकांडात एक छोटासा प्रसंग आहे. राम-लक्ष्मण-सीता गंगेच्या काठी पोचलेत, गुहाची भेट झालीय, आता नावेत बसायचं. त्याआधी राम गुहाकडून वडाचा चीक मागवून घेतो, आणि दोघे भाऊ तो केसांना लावून जटा करतात. बास, दोन-तीन ओळींचा मामला. पण त्यात महत्त्वाची माहिती आहे. जटा म्हणजे केस न विंचरता आपोआप होणारी गोष्ट नव्हे. ती ठरवून, चिकट काहीतरी लावून एका बैठकीत करता येते. आज सलॉनमध्ये लटा वळताना मेण लावतात ना, तेच. (आणि मेणाचा जो त्रास आहे तोच चिकाचाही असणार, की एकदा लागलं की पाण्याने निघत नाही. त्यावर पुढे येतो.)

दुसरी गोष्ट बालकांडातली, सगळ्यांना माहीत असलेली. भगीरथाने गंगा आणली, शंकराने ती डोक्यावर झेलली, आणि गंगा त्या जटांत अशी अडकली की कित्येक वर्षं तिला बाहेर पडायला वाटच सापडेना. भगीरथाला पुन्हा तप करावं लागलं. आपण लहानपणी ही गोष्ट शंकराच्या सामर्थ्याची म्हणून ऐकतो. पण कुठल्याही लटावाल्या माणसाला विचारा, तो सांगेल की ही रोजच्या अनुभवातली गोष्ट आहे: जटेत पाणी जातं पटकन, बाहेर येत नाही.

का येत नाही, हे समजून घ्यायला आधी केस गुंततो कसा ते बघू.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळतात. कंगव्यात दिसतात ते हेच. कंगवा फिरवलाच नाही तर हे गळलेले केस जातात कुठे? कुठेच नाही, शेजारच्या केसांत अडकून तिथेच राहतात. हिशोब केला तर वर्षाला अठरा ते छत्तीस हजार केस झाले. लट जाडजूड आणि घट्ट होत जाते ती यांच्यामुळे. त्यात केसाची रचनाही मदत करते. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे उतरते. त्यामुळे केस एका दिशेला सहज सरकतो, उलट्या दिशेला अडतो. ओलावा, थोडी ऊब, साबण आणि चोळणं मिळालं की हे खवले उघडतात, एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर चुकून वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला की बाहेर येताना पुतण्याच्या मापाचा होऊन येतो, त्यामागे हेच कारण. काश्मीरचा नमदाही असाच बनतो: लोकर, गरम पाणी, साबण, आणि मग दाबून चोळणं. सरळ केसांना यासाठी बरीच मेहनत लागते. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट कुरळे केस मात्र आपणहून एकमेकांभोवती वळतात.

थोडक्यात, जटा म्हणजे डोक्यावर वाढलेला नमदा. आता नमदा धुवायचा आणि वाळवायचा कसा, एवढाच प्रश्न उरला. आणि याची सगळ्यात मोठी शाळा जमैकात आहे.

जमैकात 1930 नंतर रस्ताफारी पंथ उभा राहिला. 2 नोव्हेंबर 1930 ला इथिओपियात हैले सेलासीचा राज्याभिषेक झाला आणि जमैकातल्या काही काळ्या उपदेशकांना त्यात आपला देव दिसला. त्यांतला सर्वांत मोठा लेनर्ड हॉवेल. याने 1940 मध्ये स्लायगोव्हिलजवळच्या डोंगरावर पिनॅकल नावाची वसाहत काढली, आणि पुस्तिका लिहिली ती कोणत्या नावाने? जी. जी. मराघ. यातलं 'जी. जी.' म्हणजे गंगुंगुरु, आणि 'मराघ' म्हणजे आपलं 'महाराज', असं अभ्यासक सांगतात. यात नवल वाटायला नको. 10 मे 1845 ला ब्लंडेल नावाचं जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बे बंदरात हिंदुस्थानी मजुरांना घेऊन लागलं, आणि 1917 पर्यंत असे छत्तीस हजारांच्या आसपास लोक उसाच्या मळ्यांवर गेले. 'गांजा' हा शब्द आजही जमैकात आपल्याच उच्चाराने चालतो. मग जटाही आपल्या साधूंकडूनच गेल्या का? काही अभ्यासक हो म्हणतात. बॅरी शेव्हान्स या जमैकन समाजशास्त्रज्ञाने जुन्या रस्तांच्या मुलाखती घेऊन वेगळं मांडलं: जटांची सुरुवात 1940 च्या दशकाच्या शेवटी पश्चिम किंग्स्टनमधल्या 'यूथ ब्लॅक फेथ' या तरुणांच्या गटाने केली. बायबलमध्ये व्रतस्थ माणसाने डोक्याला वस्तरा लावू नये असा नियम आहे, त्याचाही आधार होता. पुढे केनियातल्या माऊ माऊ बंडखोरांचे केस वाढलेले फोटोही पोचले. मला स्वतःला वाटतं की हे सगळेच धागे खरे असतील. एकच उगम शोधायचा हट्ट आपल्यालाच असतो.

पण गंमत पुढे आहे. तेव्हा सगळ्याच रस्तांनी जटा ठेवल्या नाहीत. दोन तट पडले. एक जटावाल्यांचा, आणि दुसरा 'कोम्बसम' म्हणजे कंगवा वापरणाऱ्यांचा! एका धर्मात कंगव्यावरून फूट. आपल्याला हसू येतं, पण कंगवा ही तेव्हा तिथे साधी वस्तू नव्हती. काळ्या माणसाचे केस मुळातच वाईट, ते दाबून चेपून गोऱ्यांसारखे केले तरच तो नोकरीला लायक, असं शाळा, चर्च आणि कचेऱ्या पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आल्या होत्या. कंगवा बाजूला ठेवणं म्हणजे त्या सगळ्याला नाही म्हणणं. 'ड्रेड' म्हणजे धाक, ज्याला बघून समोरच्याला भीती वाटावी ते. जटावाले जिंकले, कंगवेवाले विरून गेले.

आता धुण्याचं. कंगवा, कात्री आणि वस्तरा यांना मनाई. पाण्याला मुळीच नाही. रस्ताफारी आचारात 'आयटल' नावाची कल्पना आहे: जे पोटात घालायचं आणि अंगाला लावायचं ते जमिनीतून आलेलं, कारखान्यातून न आलेलं असावं. त्यामुळे दुकानातला शाम्पू नको, पण झाडपाला चालतो. जमैकात कोरफडीला 'सिंकल बायबल' असं मजेशीर नाव आहे. तिचा गर डोक्याला चोळून धुणं हा तिथला जुना रिवाज. बाकी नदी आहे, समुद्र आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने केस राठ होतात आणि लटा घट्ट बसतात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तरीही जमैकन मध्यमवर्गाच्या डोळ्यांत रस्ता म्हणजे घाणेरडा माणूस. यात एक कडू विनोद आहे. किंग्स्टनमध्ये बॅक-ओ-वॉलसारख्या ज्या झोपडवस्त्यांत हे लोक राहत, तिथे घरात नळ नव्हते, सार्वजनिक नळावर रांग लावायची. पाणी सरकार देत नव्हतं, आणि अस्वच्छ म्हणून शिव्या केसांना. 1966 मध्ये ती वस्ती बुलडोझरने साफ झाली, पण नळ देऊन नव्हे.

त्याआधी 1963 च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आठवड्यात, माँटेगो बेजवळ कोरल गार्डन्सला जमिनीच्या वादातून हिंसाचार झाला आणि माणसं मेली. त्यात हात होता मोजक्या लोकांचा. पोलिसांनी मात्र आसपासच्या परगण्यांतले रस्ता सरसकट पकडले, मारले, कोठडीत टाकले आणि त्यांच्या जटा जबरदस्तीने कापल्या. ज्याने केसांना वस्तरा न लावण्याचं व्रत घेतलंय त्याचे केस कापणं म्हणजे काय, हे त्या पोलिसांना नीट माहीत होतं, म्हणूनच कापले. सरकारची माफी आली 2017 मध्ये, पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांच्या तोंडून, चौपन्न वर्षांनी.

आणि हे सगळं इतिहासजमाही नाही झालेलं. 2018 मध्ये जमैकातल्याच एका सरकारी प्राथमिक शाळेने पाच वर्षांच्या मुलीला सांगितलं, जटा कापून ये. कारण काय? स्वच्छता, आणि उवा होतील. 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. (तिथे या न्यायालयाच्या वर अपील न्यायालय असतं.) 2024 मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. म्हणजे आमच्या ऑफिसातला "धुतोस का?" हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याच्यामागे बराच मोठा लवाजमा आहे.

पण प्रश्न साधेपणाने विचारला असेल तर त्याचं उत्तरही साधं आहे, आणि ते द्यायला हवं. लटा धुता येतात, धुवायलाच हव्यात. "धुतल्या तर सुटतात" हा एक लोकप्रिय गैरसमज. उलट स्वच्छ, तेलकटपणा नसलेला केस केसाला जास्त धरतो. तेलाने आणि कंडिशनरने तो निसटतो.

धुवायचं असतं ते मुख्यतः डोकं, म्हणजे कातडी. केस हा मेलेला धागा, पण कातडी जिवंत आहे, तिला घाम आहे, तेल आहे. त्या तेलावर जगणारी मॅलासेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर असते. तेल साचलं की ती माजते आणि कोंडा, खाज सुरू होते. विंचरलेल्या डोक्यावरून कोंडा झडून जातो. लटांच्या मुळाशी तो अडकतो आणि खाज सुटली म्हणून नखं लावली की जखमा. म्हणून आठवड्याला, फार तर दहा दिवसांनी, डोक्यावरून आंघोळ. शाम्पू थोड्या पाण्यात पातळ करायचा, बोटांच्या पेरांनी लटांच्या मधल्या भांगांत चोळायचा, आणि खाली येणारा फेस लटांमधून दाबत दाबत काढायचा. मग स्वच्छ पाणी. धुवायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ खळबळायला. कारण आत राहिलेला साबण, कंडिशनर, मेण, क्रीम हे सगळं लटेच्या गाभ्यात थर धरून बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. रामाच्या वडाच्या चिकाचं म्हणत होतो ते हेच. साध्या अंगाच्या साबणाची वडी तर नकोच. आपल्याकडच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबणाचा पांढरा चिकट साका होतो, तो बादलीला चिकटतो तसा केसांनाही.

आजीची शिकेकाई चालेल का? उत्तम चालते. शिकेकाई आणि रिठ्यात निसर्गतःच फेस करणारी द्रव्यं असतात, आणि शिकेकाई किंचित आंबट गुणाची असल्याने केसांचे खवले बसते ठेवते. फक्त एक पथ्य: पूड डोक्यावर थापायची नाही. नागरमोथा, कपूरकाचरी घातलेली ती सुवासिक पूड मोकळ्या केसांतून निघून जाते, लटेतून जन्मात निघणार नाही. उकळायची, फडक्यातून दोनदा गाळायची, आणि नुसता काढा वापरायचा. (जाता जाता: 'शाम्पू' हा शब्द हिंदुस्थानी 'चांपो'वरून इंग्रजीत गेला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ब्रायटनला शाम्पूचं दुकान काढलं होतं, पण तिथे केस धूत नसत, अंग रगडून देत. केस धुण्याचा अर्थ मागून चिकटला.)

खरी परीक्षा वाळवण्यात आहे. केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी आत शोषून घेतो, आणि लटेत केसांच्या मधल्या फटींत साठणारं पाणी वेगळंच. बाहेरून हात लावला तर कोरडी, आत ओली. अशी ओली लट उबेत, अंधारात, बांधून ठेवली की आत बुरशी धरते आणि घरात न वाळलेल्या टॉवेलला येतो तसा कुबट वास यायला लागतो. एकदा गाभ्यात बुरशी गेली की धुऊन जाईलच असं नाही, कित्येकदा ती लट कापावीच लागते. तेव्हा धुतल्यावर लगेच एकेक लट मुठीत धरून वरून खाली पिळायची, पण चोळायची नाही. जुन्या सुती टीशर्टमध्ये गुंडाळून पुन्हा दाबायची. टॉवेलचे धागे लटेत अडकून राहतात, म्हणून टीशर्ट. मग मोकळं सोडून ऊन, वारा, पंखा. सकाळीच धुवावं, म्हणजे झोपेपर्यंत वेळ मिळतो. पुण्याच्या जुलै-ऑगस्टात, जिथे जीन्स तीन दिवस वाळत नाही, तिथे हेअर ड्रायर मध्यम आचेवर, आणि तोही आधी मुळाशी. ओल्या लटांचा अंबाडा घालायचा नाही. एक तर आत दमट राहतं, दुसरं म्हणजे ओल्या केसांचं सगळं वजन कपाळाच्या कडेच्या नाजूक मुळांवर येतं. तिथले केस ओढले जाऊन कायमचे विरळ होतात.

हे लिहिताना जाणवलं की यातलं निम्मं आपल्याकडच्या बायकांना आधीपासून ठाऊक होतं. "ओले केस बांधू नकोस, डोकं धरेल" हे प्रत्येक घरात ऐकलेलं वाक्य. न्हाल्यावर बाळंतिणीचे केस शेगडीवर ओवा-धूप घालून त्या धुरीवर वाळवत. लांब दाट केस आतून वाळले पाहिजेत याची सगळी अक्कल आपल्याकडे होती. एका प्रकारच्या केसांसाठी मात्र ती वापरायची नाही असं ठरवलं गेलं. आई म्हणाली ती जट.

जट येते कशी? मुलगी तापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. बाळंतपण झालं. शेतीच्या कामात, दुष्काळी गावात, डोक्यावरून न्हायला पाणीच नाही. उवा झाल्या. कुणाचं मन ठिकाणावर नाही, विंचरायला दुसरं कुणी नाही. मागच्या बाजूला केसांचा गुंता झाला. दोन दिवस खोबरेल तेल लावून, धीराने बसून सोडवला तर सुटेल इतका. पण कोणीतरी म्हणतं, जट आली, यल्लम्माचं बोलावणं आलं. त्यावर हळद-कुंकू वाहतात. मग तिला कात्री लावायची नाही, कंगवा लावायचा नाही, सोडवायची तर नाहीच, आणि पुष्कळ ठिकाणी नीट न्हायचंही नाही. कापली तर देवी कोपणार, घरात कोणी मरणार, डोळे जाणार. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या आणि सीमेपलीकडे सौंदत्तीच्या परिसरातल्या कित्येक मुलींचं पुढचं आयुष्य या एका गुंत्यावर ठरलं: देवीला सोडलं, जोगतीण केलं, लग्न नाही, आणि त्यातल्या अनेकींच्या नशिबी जे आलं ते सगळ्यांना माहीत आहे. राजन गवसांच्या कादंबऱ्यांच्या आधारे झालेला 'जोगवा' (2009) पाहिला असेल तर त्यातल्या सुलीची गोष्ट इथूनच सुरू होते.

मुलींना देवाला सोडण्याविरुद्ध मुंबई प्रांतात कायदा झाला 1934 मध्ये, कर्नाटकात 1982 मध्ये, महाराष्ट्रात नवा 2005 मध्ये. पण जट कायद्याने थांबत नाही, कारण तिला कोणी आणत नाही, ती 'येते'. आणि ती जोगतिणींपुरतीही नाही. नवरा-मुलंबाळं असलेल्या, शहरात राहणाऱ्या बायकांच्या पदराखालीही असते. धुणं-वाळवणं नाही म्हटल्यावर वर लिहिलेलं सगळं उलट क्रमाने घडत जातं: तेल, हळद, कुंकू, घाम, धूळ यांचे थर, आत दमट, उवा, कातडीला जखमा, वास. वजनाने मान आणि डोकं दुखतं, कुशीवर झोपता येत नाही. लोक जवळ बसत नाहीत. आणि तरी तिनेच देवीचा मान म्हणून ते मिरवायचं.

हे फक्त आपल्याकडचंच खूळ असं वाटत असेल तर पोलंडकडे बघा. तिथे याला 'कोव्तुन' म्हणत. आजार शरीरातून केसांवाटे बाहेर पडतो, गुंता हे आजार बाहेर आल्याचं लक्षण, तो कापला तर आजार आत उलटेल, माणूस आंधळा होईल किंवा वेडा. शब्दाला शब्द तेच! फक्त देवीच्या जागी आजार. शेकडो वर्षं गरीब शेतकऱ्यांपासून बड्या घरांपर्यंत लोक हे डोक्यावर वागवत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्राकूवमधले डॉक्टर युझेफ डिएत्ल यांनी रुग्ण तपासून सांगितलं की असा वेगळा आजारच नाही. विंचरलं नाही, धुतलं नाही, एवढंच. त्यांनी अशा लोकांची मोजदाद केली, सक्तीने डोकी भादरली, आणि कोव्तुनवर आता कर बसणार अशी आवईही उठली. (कराच्या भीतीपुढे देवाची भीती टिकत नाही हा नियम तिथेही लागू दिसतो.) प्रथा गेली. वैद्यकात जटेला आजही 'प्लिका पोलोनिका' म्हणतात, आणि पोलिश भाषेत 'कोव्तुन' म्हणजे बुरसटलेल्या डोक्याचा माणूस.

डिएत्लची सक्ती वाचताना मी थोडा अडखळलो. हेतू चांगला होता, फळही चांगलं मिळालं. पण कात्री घेऊन आलेला सरकारी माणूस कोरल गार्डन्सलाही होता. ल्युसिंडा रॅम्बर्ग या मानवशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर कर्नाटकातल्या जोगतिणींमध्ये राहून 2014 मध्ये पुस्तक लिहिलं. ज्यांना ती जट म्हणजे प्रत्यक्ष देवीच वाटते अशा बायकांच्या बाजूने त्या विचारतात, की सुधारणेच्या नावाने जट कापली जाते तेव्हा नेमकं काय कापलं जातं? प्रश्न बोचरा आहे आणि तो टाळू नये. माझं मत विचाराल तर फरक केसांत नाही. जमैकातला रस्ता स्वतः ठरवून जटा ठेवतो आणि नदीवर जाऊन धुतो. आपल्याकडच्या चौदा वर्षांच्या पोरीला कोणी विचारलेलं नसतं, आणि पाणीही नाकारलेलं असतं. पण म्हणून तिला पुन्हा न विचारताच कात्री चालवली तर तिच्या बाबतीत दुसऱ्यांदा तेच झालं.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम करतात ते म्हणूनच मला आवडतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाल्यावरही ते थांबलेलं नाही. पुण्यातल्या नंदिनी जाधव मुळात ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या. त्यांनी शंभराहून कितीतरी जास्त बायकांना जटेतून मोकळं केलंय. यात कात्रीचं काम सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं. त्याआधी त्या घरी पुन्हा पुन्हा जाणं, बाईशी बोलणं, सासूशी बोलणं, नवऱ्याशी बोलणं. "कोप झाला तर?" याला उत्तर देणं. आधी जट काढलेल्या दुसऱ्या बाईची गाठ घालून देणं, की बघ, हिच्या घरी सगळे ठणठणीत आहेत. कधी एकाच भेटीत होकार येतो, कधी महिनोन्‌महिने जातात. बाई स्वतः हो म्हणाली की मगच कात्री.

कापल्यावर खालची कातडी नाजूक निघते, कित्येकदा जखमा असतात, तेव्हा जोर लावून चोळायचं नाही. कोमट पाणी, सौम्य शाम्पू, मऊ कापडाने टिपून वाळवणं, आणि उवा किंवा जखमा असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवणं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. मुळापासून काढलेल्या जागी वेणी घालण्याइतके व्हायला दोन-अडीच वर्षं लागतात, तोपर्यंत आठवड्यातून दोनदा डोक्यावरून न्हायचं, आणि रोज कंगवा.